माळवदी घराच्या भिंतीतील ओल व तिचा बंदोबस्त

बी-बियाणे व गुरेढोरे ह्यांची जितकी काळजी आपण शेतकरी घेतो, तितकी राहत्या घराची घेत नाही. आमच्या कनेरगाव नाक्याच्या परिसरात अद्याप काही जुनी माळवदी घरे उभी आहेत. त्यांच्या मालकांस उपयोगी पडेल ते थोडक्यात सांगावे, असे योजिले आहे.

चांगल्या बांधणीच्या माळवदी घरात छताचा भार लाकडी खांब व तुळया ह्यांच्या सांगाड्यावर असतो. दगडमातीची जाड भिंत ही त्या सांगाड्याभोवतीचे पांघरूण होय. यास्तव भिंतीत दडलेला खांब जोवर धड, तोवरच घर धड.

लाकूड वयाने कुजत नाही, ओलीने कुजते. लाकडात पाण्याचा अंश शेकडा २० हून कमी राहिला, तर त्यास कुजविणारी बुरशी वाढत नाही. ओल तीन वाटांनी येते. माळवदाच्या भेगांतून व तुंबलेल्या पन्हळीतून ती वरून उतरते. पावसाच्या झडीने बाहेरून शिरते. आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी जमिनीतून वर चढते. ती सर्वस्वी अडविणे कोणासही साधत नाही. म्हणून आलेली ओल सुकून जावी, अशीच जुन्या बांधणीची रीत होती. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा ओल परत बाहेर सोडतो. सिमेंटचा गिलावा मातीच्या भिंतीशी एकजीव होत नाही. त्यास बारीक भेगा पडतात, त्यांतून पाणी आत जाते आणि तेथेच कोंडते.

ही चूक आम्ही स्वतः केली आहे. नोकरीतून मोकळे झाल्यावर, दरसाल लिंपण्याची दगदग नको म्हणून, पश्चिमेकडील भिंतीस आम्ही सिमेंट लावविले. दोन वर्षे भिंत आरशासारखी दिसली. तिसऱ्या पावसाळ्यात आतल्या बाजूस जोत्यालगत लोणा फुटला. गिलावा फोडून पाहतो तो सागवानी खांबाचा वीतभर बुंधा भुशासारखा हाती आला! त्याच खांबाखाली आमची नातवंडे निजत असत. तुळईस टेकू देऊन कुजका भाग कापविला, तळखडा उंच करून नवे लाकूड सांधविले व भिंतीस पुन्हा माती लिंपविली.

उन्हाळ्याचाही ह्याच्याशी संबंध आहे. दोन फूट जाडीची कोरडी मातीची भिंत दुपारची उष्णता आत पोचू देण्यास पुष्कळ तास लावते. तीच भिंत ओली असली म्हणजे उष्णता अधिक वेगाने वाहून आणते. थंड मुलुखात लाकडी सांगाड्याच्या भिंतीत लोकरीसारखा पदार्थ भरतात. तेथे घरातील उबदार वाफ बाहेरच्या थंड अंगास जाऊन तिचे पाणी होते, म्हणून वाफ अडविणारा पडदा आतल्या बाजूस लावितात. आपल्याकडे पाणी बाहेरून व खालून येते. तो उपाय येथे जसाच्या तसा उचलणे हिताचे नाही.

माळवदाच्या भाराकडेही लक्ष असावे. एक घनफूट माती सुमारे ४५ किलो भरते. म्हणजे दहा फूट लांबी-रुंदीच्या खोलीवरील एक फुटाचा थर ४,५०० किलोंचा झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. २०२४ साली आपल्या जिल्ह्यासही धक्के जाणवले आहेत. सबब कुजका खांब व जड माळवद ही जोडी घरात ठेवू नये.

मृगापूर्वी दरसाल पुढील कामे करावी :

१. माळवदावरील गवत उपटून भेगा बुजवाव्या. जुना थर खरवडल्यावाचून नवी माती चढवू नये.

२. पन्हळी साफ करून त्यांचे पाणी भिंतीपासून दूर पडेल असे करावे.

३. जोत्याभोवतीची जमीन बाहेरच्या अंगास उतरती ठेवावी. उकिरडा अगर सरपण भिंतीस टेकवून रचू नये. त्याने ओल धरते व वाळवीस वाट मिळते.

४. प्रत्येक खांबाचा बुंधा अणकुचीदार खिळ्याने टोचून पाहावा. खिळा सहज रुतल्यास विलंब न करता जाणत्या सुतारास बोलवावे.

एका दिवसाचे हे काम आहे. आम्ही ते वेळेवर केले असते, तर एक खांब वाचला असता.