मोबाइलची वेळ संपते, म्हणजे नेमके काय होते?

मुलाने एखादे ॲप ठरलेला वेळ वापरले की त्याचे चिन्ह करडे पडते आणि ते उघडत नाही. हे काम ‘पॅरेंटल कंट्रोल’, म्हणजे पालकांच्या हाती दिलेली नियंत्रणाची सोय, करते. गूगलच्या ‘फॅमिली लिंक’मध्ये पालक आपल्या फोनवर मर्यादा ठरवतो, ती इंटरनेटवरून मुलाच्या खात्यापर्यंत जाते आणि मुलाच्या फोनमध्ये साठवली जाते. पाथरी तालुक्यातील शेतकऱ्यांना जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याच्या पाण्याची पाळी परिचित आहे: वेळापत्रक कार्यालयात ठरते, परंतु दार चारीवरच बंद होते. तशीच ही मर्यादा मुलाच्या फोनमध्येच अमलात येते, त्यामुळे इंटरनेट बंद केल्याने जुनी मर्यादा सुटत नाही. नवी मात्र जोडणी परत आल्यावरच लागू होते.

वापराच्या वेळेची मोजणी फोनची कार्यप्रणाली, म्हणजे सर्व ॲप चालवणारी मूळ आज्ञावली, करते. कोणते ॲप पडद्यावर कधी आले आणि कधी गेले याची ती नोंद ठेवते. मूल त्या ॲपमध्ये धडा पाहते की रील, हे मात्र त्या मिनिटांच्या बेरजेतून कळत नाही. शिवाय मर्यादा मुलाच्या खात्याला बांधलेली असल्याने आईवडिलांचाच फोन वापरणाऱ्या मुलावर, आणि अशी घरे थोडी नाहीत, ती लागूच होत नाही.

ॲपऐवजी गावानेच वेळ ठरवल्याचे उदाहरणही आहे: सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 मध्ये सायंकाळी 7 वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल व टीव्ही बंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली. तिथे नियम मोठ्यांनाही लागू होता, आणि ही अट ‘फॅमिली लिंक’ घालत नाही.