संगणकातील वीज-घटना आणि त्यांची पूर्वतयारी

संगणकाचे बटण क्षणभर दाबले, तर तो सहसा एकदम बंद पडत नाही. चालू कामे आटोपून मगच थांबतो. सुटसुटीत संगणकाचे झाकण मिटताच तो निद्रिस्त होतो. बॅटरी संपत आली की इशारा देतो. शाळांचे निकाल व ग्रामपंचायतींचे दाखले आज संगणकावर तयार होत असल्याने, ही व्यवस्था कशी चालते हे जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

1992 मध्ये आलेल्या एपीएम या जुन्या पद्धतीत वीजबचतीचे बरेचसे निर्णय यंत्रातील बायोस ही आज्ञावली परस्पर घेत असे. डिसेंबर 1996 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले आणि निर्णयाचा अधिकार कार्यप्रणालीकडे आला. 2013 पासून या मानकाची जबाबदारी यूईएफआय फोरम या संस्थेकडे आहे.

या मानकानुसार घटना दोन प्रकारच्या असतात. वीज-बटण, निद्रा-बटण, घड्याळाचा गजर इत्यादी घटना ठराविक होत. झाकण, बॅटरी, तापमान यांसारख्या घटना सामान्यतः दुसऱ्या, सर्वसाधारण वर्गात मोडतात. प्रत्येक घटनेसाठी दोन खुणा असतात: घटना घडली आहे काय, हे सांगणारी एक, आणि ती कळविण्यास परवानगी आहे काय, हे सांगणारी दुसरी. दोन्ही खुणा उमटल्या म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजेच कर्नेलकडे, सूचना जाते. या सर्व घटनांसाठी सूचनेचा मार्ग मात्र एकच असतो.

म्हणून संगणक सुरू होताना कर्नेलला क्रम काटेकोरपणे पाळावा लागतो. लिनक्समध्ये प्रथम सर्व घटनांची परवानगी काढून घेतली जाते व सर्वसाधारण घटनांच्या जुन्या खुणा पुसल्या जातात. नंतर सूचना स्वीकारणारी आज्ञावली नेमली जाते. त्यानंतरच आवश्यक तेवढ्या घटनांना परवानगी मिळते. टपाल घेणारा लिपिक नेमण्यापूर्वी टपालखिडकी उघडण्यात अर्थ नसतो, तसेच हे आहे. हा क्रम चुकला, तर दखल न घेतलेली सूचना पुन्हा पुन्हा येत राहते आणि यंत्राची शक्ती तिच्यातच खर्ची पडते. निद्रेतून जागे करण्यासाठी दाबलेल्या बटणाची खूण पुसली नाही, तर तीच ‘बंद हो’ अशी आज्ञा समजली जाण्याचा धोका असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. वीज-बटण चार सेकंदांहून अधिक काळ दाबून धरल्यास यंत्र कर्नेलला न विचारता वीज तोडते. अशा वेळी न साठविलेली माहिती नष्ट होते. यास्तव हा उपाय संगणक पूर्णपणे अडकला असेल तेव्हाच योजावा. एरवी संगणक रीतसर बंद करणेच हितावह होय.