खाडा, कोयता आणि कामाचे मानसशास्त्र

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या यवतच्या आसपास किती तऱ्हेचे काम चालते, याची मोजदाद केली तर थक्क व्हायला होते. शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या, केडगाव-राहूकडे गुऱ्हाळांची चुलवणे, पाटसला साखर कारखाना, पुढे कुरकुंभची रासायनिक वसाहत आणि भीमेपलीकडे शिरूर तालुक्यात रांजणगावचे मोठे कारखाने. या सगळ्या ठिकाणी मालक, मुकादम, सुपरवायझर यांची तक्रार मात्र एकच असते: माणसे मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत, टिकली तर मन लावून काम करत नाहीत. या तक्रारीत एक निदान दडलेले आहे. दोष माणसाच्या स्वभावात आहे, असे ते निदान. औद्योगिक मानसशास्त्र गेली शंभर वर्षे हेच निदान तपासून पाहत आले आहे, आणि बहुतेक वेळा ते अपुरे ठरले आहे. माणूस कामावर कसा वागतो हे त्याच्या स्वभावाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, कामाची मांडणी कशी आहे यावर ठरते.

अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने १९११ मध्ये मांडलेला विचार सरळ होता. कामाचे तुकडे करा, प्रत्येक हालचालीला वेळ ठरवून द्या, जास्त कामाला जास्त पैसे द्या. पुढे शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून प्रयोग सुरू झाले. त्यातला सर्वांत बोलका भाग शेवटचा आहे. टेलिफोन यंत्रणेच्या तारा जोडणाऱ्या १४ कामगारांचे १९३१-३२ मध्ये काही महिने निरीक्षण झाले. गटाचे उत्पादन वाढले तर सर्वांची मजुरी वाढणार होती. तरीही त्यांनी आपसांत दिवसाच्या कामाची एक हद्द ठरवून घेतली होती, आणि ती ओलांडणाऱ्याच्या दंडावर ठोसा बसायचा. हा आळस नव्हता. काम वाढले की दर कमी होतील, कुणाची तरी नोकरी जाईल, ही भीती मंदीच्या त्या काळात अगदी रास्त होती. मुंबईच्या गिरण्यांत १९२८ मध्ये विणकरांवर दोनऐवजी तीन माग लादण्याला त्यांनी केलेला विरोध आणि सहा महिन्यांचा संप यामागेही हाच हिशेब होता. एकाने दोघांचे काम केले, तर दुसऱ्याच्या चुलीचे काय?

यावर पहिला आक्षेप ऊसतोडीकडे बोट दाखवून घेता येईल. टनावर मजुरी आहे, म्हणूनच तोडणी कामगार पहाटे फडात उतरतो आणि रात्री-बेरात्री गाडी भरतो. पैशाने माणूस हलतो याचा आणखी काय पुरावा हवा? माणूस हलतो, हे खरेच. पण कुठपर्यंत, ते पाहायला हवे. दिवाळीच्या आधी घेतलेली उचल हंगामापूर्वीच खर्च झालेली असते आणि सगळा हंगाम ती फेडण्यात जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातल्या एकाचा जरी खाडा झाला, तरी बुडालेल्या मजुरीवर अनेक ठिकाणी दंडही बसतो. पाळीत पोट दुखते म्हणून फडातल्या बाईने बसून राहायचे म्हटले, तर त्याची किंमत घराला मोजावी लागते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यात काही खासगी डॉक्टरांचा लोभ होता, आरोग्यसेवेची वानवा होती, हे मान्यच. पण तरुण वयात शरीराचा एक अवयव काढून टाकणे ज्या कुटुंबाला व्यवहार्य वाटते, त्या कुटुंबाच्या अडाणीपणावर बोट ठेवून प्रश्न सुटत नाही. दंड आणि उचल यांच्या गणिताने तो निर्णय त्यांच्यापुढे आणून ठेवला. टनावरचा दर किती ऊस तुटला ते मोजतो. तो कशाच्या मोलाने तुटला, हे त्यात कुठेच उतरत नाही.

मांडणी बदलली की वागणे बदलते, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ मध्ये ए. के. राइस या ब्रिटिश संशोधकाने पाहिले, की नवे स्वयंचलित माग येऊनही उत्पादन वाढलेले नाही. प्रत्येकाच्या वाट्याला कामाचा एक तुकडा होता. पूर्ण मागाची जबाबदारी कुणाचीच नव्हती. ठरावीक मागांची जबाबदारी एका छोट्या गटाकडे द्यावी, एवढी कल्पना मांडली गेली आणि कामगारांनीच झटपट आपापले गट बांधले. स्थिरावल्यावर उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले. माणसे तीच होती. राइसचे सहकारी एरिक मिलर यांनी १९७० पर्यंतचा मागोवा घेतला, तेव्हा काही ठिकाणी ही पद्धत टिकलेली, तर काही ठिकाणी ढासळलेली दिसली. म्हणजे एकदा केलेली मांडणी जपावीही लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. माणसामाणसांत फरक असतोच, मग योग्य माणूस निवडणे हेच खरे काम नव्हे काय? रेल्वे सहायक लोको पायलट निवडताना अभिक्षमता चाचणी घेते, आणि ते योग्यच आहे. दौंडसारख्या जंक्शनमधून जाणाऱ्या गाडीत हजारो जीव असतात. पण उत्तम निवडलेल्या माणसाचीही सावधानता पहाटेच्या आधीच्या तासांत घसरते, कारण शरीराचे घड्याळ ड्युटीच्या तक्त्याप्रमाणे चालत नाही. कुरकुंभसारख्या वसाहतीत रात्रपाळीला व्हॉल्व्ह चुकीचा फिरला, तर ‘मानवी चूक’ असे लिहून चौकशी मिटवणे सोपे असते. ती पाळी किती तासांची होती, सलग कितवी रात्र होती, दोन सारखे दिसणारे व्हॉल्व्ह शेजारी कुणी बसवले, हे विचारले तरच पुढची चूक टळते.

ऊसतोडीबाबत कारखान्यांचे म्हणणे असते, की मजूर मुकादमाचे, आमचा त्यांच्याशी थेट संबंध नाही. कागदोपत्री ते तसे असेल. पण कोणता फड कधी तोडायचा हे कारखान्याचे शेती खाते ठरवते, तोडणी-वाहतुकीचा करार कारखाना करतो, गाडीचे वजन त्याच्याच काट्यावर होते. त्याच करारात खाड्याचा दंड बंद करता येईल, मासिक पाळीच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांची भरपाई लिहिता येईल, कोयत्याऐवजी बाईच्या नावावर तिची स्वतंत्र मजुरी लावता येईल. त्याचा टनामागे किती खर्च येईल, हा हिशेब मांडायला लागणारी माणसे आणि आकडे शेती खात्याकडे आजही आहेत.