कुत्राच तर होता!

मोती साडेतीन महिन्यांचा होता. शनिवारी दुपारी तो अंगणभर धावत होता. रात्री त्याने अन्नाला तोंड लावलं नाही, पहाटे उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी सलाईन लावलं, पण सोमवारी संध्याकाळी तो गेला.

मंगळवारी आमची चौथीतली मुलगी शाळेत रडू लागली. कुणीतरी समजूत घातली, "अगं, कुत्राच तर होता! दुसरा आणा." घरी आल्यावर तिने आम्हाला विचारलं, "मी त्याला मैदानावर नेलं म्हणून तो मेला का?"

नुसतं 'नाही गं' म्हणून भागणार नव्हतं. कारण समजावून सांगणं भाग होतं.

मोतीला पार्व्हो झाला होता. हा विषाणू कुत्र्यांमध्ये १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. तो भराभर विभाजन होणाऱ्या पेशींमध्ये वाढतो. अशा पेशी कुठे असतात? आतड्याच्या अस्तरात आणि अस्थिमज्जेत. आतड्याचं अस्तर एरवी दर काही दिवसांनी नवं होत असतं. ते थांबलं, की शरीरातलं पाणी आणि क्षार वाहून जातात, आतड्यातले जीवाणू रक्तात शिरतात. त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होणंही नेमकं तेव्हाच मंदावलेलं असतं. पिल्लू दोन दिवसांत जातं ते यामुळे.

यावर लस आहे. मात्र पिल्लाला आईच्या चिकातून प्रतिपिंडं मिळालेली असतात. ती पिल्लाचं रक्षण करतात, तशी लसही निकामी करतात. ती कधी ओसरतील हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. मोतीचा दुसरा डोस आम्ही 'पुढच्या रविवारी' म्हणत दोनदा पुढे ढकलला होता.

मुलीला आम्ही सांगितलं, "विषाणू मैदानातून आला असेल, नाहीतर आमच्या चपलांबरोबरही आला असेल. आता ते कळणार नाही. त्याला खेळायला नेण्यात तुझी काही चूक नव्हती. डोस देणं मोठ्यांचं काम होतं, ते आमच्याकडून राहिलं." ती पुन्हा रडली, पण तो प्रश्न तिने परत विचारला नाही.

आता 'दुसरा आणा'विषयी. हा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो. डोस पूर्ण न झालेलं पिल्लू त्याच अंगणात आणणं म्हणजे त्यालाही धोक्यात घालणं. शिवाय ज्याच्यावर जीव जडला, त्याची जागा अशी भरून निघत नाही. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे पाहत राहिले, की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं जपानमधल्या संशोधकांना २०१५ साली आढळलं. आई आणि बाळ यांच्या जवळिकीतही हेच संप्रेरक असतं.

हे नातं फार जुनं आहे. जर्मनीत बॉन शहराजवळ १९१४ साली सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं दफन सापडलं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि सुमारे सात महिन्यांचा कुत्रा होता. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून त्याला डिस्टेंपर झाला असावा आणि तो काही आठवडे आजारी असावा, असं अनुमान संशोधकांनी २०१८ साली मांडलं. माणसांनी शुश्रूषा केल्याशिवाय तो तेवढा जगलाच नसता, असं त्यांचं म्हणणं. आजारी पिल्लाचा शिकारीला काय उपयोग? तरी त्याला जपलं, आणि माणसांशेजारी पुरलं.

तेव्हा वर्गात एखादं मूल कुत्र्यासाठी रडत असेल, तर ते लाड नव्हेत. 'तो झोपला' असंही सांगू नये. लहान मुलं मग त्याच्या उठण्याची वाट पाहतात. मेला म्हणजे आता परत येणार नाही, हे हळुवार पण स्पष्ट सांगावं. त्याचं नाव विचारावं. 'माझ्यामुळे झालं' असं काही मनात आहे का, हे चाचपून पाहावं.

आणि काही दिवसांनी सगळ्या वर्गाला विचारावं : कुणाकुणाच्या घरी पिल्लू आहे? त्याचे सगळे डोस झाले का?