ट्राउट, बास आणि मरळ

गळाने मासे धरण्याच्या कलेवरील पाश्चात्त्य ग्रंथांत ट्राउट व बास या दोन गोड्या पाण्यातील माशांचे वर्णन पदोपदी आढळते. जालना जिल्ह्यात, गोदावरीच्या खोऱ्यात वसलेल्या तीर्थपुरीच्या परिसरातील तळ्यांवर गळ टाकून बसणाऱ्यास मात्र या दोहोंपैकी एकही लाभत नाही. याचे कारण 'हवामान' या एका शब्दाने सांगण्याचा प्रघात आहे. परंतु ते ट्राउटपुरतेच खरे आहे.

पाणी जसजसे तापते, तसतशी त्याची प्राणवायू धारण करण्याची शक्ती घटते. समुद्रसपाटीस १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांस तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. उलटपक्षी, शीतरक्त माशाची प्राणवायूची गरज उष्णतेबरोबर वाढते. पंचवीस अंशांच्या आसपास ट्राउट या दुहेरी पेचात सापडतो. त्यातच उथळ तळ्यातील शैवल रात्री प्राणवायू सोडत नाही, उलट घेते. त्यामुळे पहाटेपूर्वीची वेळ सर्वांत बिकट. चाळीस अंशांवर जाणाऱ्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ट्राउट तगणे शक्य नाही. भारतात तो विसाव्या शतकाच्या आरंभी रुजला, तो काश्मीर व निलगिरीच्या थंड प्रवाहांत.

बासची गोष्ट निराळी. उत्तर अमेरिकेतील मोठ्या तोंडाचा बास उबदार, संथ, पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यात उत्तम वाढतो. अर्थात तो येथे नाही, याचे कारण तो जगणार नाही हे नव्हे. हौशी गळकऱ्यांच्या सूचनेचा विचार करताना हा भेद विसरून चालणार नाही. ग्वाटेमालातील आतित्लान सरोवरात १९५८ च्या सुमारास बास सोडण्यात आला. त्याने लहान मासे व खेकडे फस्त केले, आणि तेथील उडता न येणारा 'पोक' नावाचा पाणपक्षी पुढील तीन दशकांत नामशेष झाला. त्या ऱ्हासास अन्य कारणेही होती, परंतु बास हे त्यांतील प्रमुख मानले जाते. आपल्याकडे १९५२ मध्ये आणलेल्या तिलापियाचा प्रसारही पुरेसा बोलका आहे.

शिवाय बासची जागा येथे रिकामी नाही. मरळ मासाही पाणवनस्पतींच्या आडोशास दबा धरून भक्ष्यावर झेप घेतो. त्याच्या कल्ल्यांच्या वरील पोकळीत हवेतील प्राणवायू शोषणारे इंद्रिय असते. म्हणून तळ्यातील प्राणवायू घटला तरी तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. हीच त्याची सोय गळकऱ्याच्याही पथ्यावर पडते, कारण पाण्यावर उठलेला तो बुडबुडा माशाचे ठिकाण सांगून जातो. जिवंत बेडूक वा लहान मासा तेथे टाकला की पुढचे काम संयमाचे.

बासप्रमाणेच मरळ आपल्या पिलांची राखण करतो. पिलांचा थवा जवळ असता तो आमिषावर तुटून पडतो, तो भुकेने नव्हे, तर त्यास शत्रू समजून. अशा वेळी गळास लागलेला मोठा मासा म्हणजे केवळ एका माशाची घट नसते. राखण उठताच त्याची पिले अन्य माशांच्या व पाणपक्ष्यांच्या तोंडी पडतात.