कायद्याची पदवी आणि जुन्या कागदांचा ‘योग्य ताबा’

मोडी कागद जमविण्याचा नाद लागलेले कांहीं तरुण सध्यां कायद्याच्या पदवीचा अभ्यास करीत आहेत. त्यांपैकीं दोघांतिघांनीं आम्हांस असें विचारलें कीं, या अभ्यासाचा आपल्या संशोधनास कांहीं उपयोग आहे, कीं तीं वर्षें या कामापुरतीं फुकट गेलीं असें समजावें? या प्रश्नाचें आमच्या मंडळींतलें ठरलेलें उत्तर असें कीं, वकिलीनें पैसा मिळतो, अशिलांच्या घरचीं दप्तरें पाहावयास सांपडतात, आणि म्हणूनच संशोधकांत वकील पुष्कळ. हें उत्तर खोटें नाहीं, पण वरवरचें आहे. पदवीच्या अभ्यासांत पुराव्याचा कायदा म्हणून जो एक विषय असतो, त्यांत जुन्या कागदाकडे पाहण्याची एक विशिष्ट रीत शिकविली जाते. ती रीत आमच्यांतील पुष्कळ मुरलेल्या संग्राहकांच्याही अंगीं बाणलेली नाहीं, आणि तिच्या अभावीं उत्तम कागद हातीं असून निकामी होतात. ती रीत कोणती, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम या पदवीविषयीं थोडेंसें. सर अर्स्किन पेरी यांच्या सन्मानार्थ कायदेशास्त्राच्या अध्यापकाची जागा निर्माण होऊन १८५५ मध्यें मुंबईस सरकारी लॉ स्कूल निघालें. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. महादेव गोविंद रानडे १८६६ मध्यें एल्एल्. बी. झाले. पुढें काशिनाथ त्रिंबक तेलंग, बाळ गंगाधर टिळक, नरसिंह चिंतामण केळकर, चिंतामण विनायक वैद्य हे सर्व याच वाटेनें गेले, आणि यांपैकीं प्रत्येकानें इतिहासावर लेखणी चालविली. राजवाडे आणि वासुदेवशास्त्री खरे यांचीं नांवें मात्र या यादींत नाहींत. पदवीवांचून संशोधन अडतें असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं, हें यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

त्या काळच्या विद्यार्थ्यास हस्तलिखितांचा संबंध दुसऱ्याही एका वाटेनें येई. वारसा, दत्तक, वांटणी हे विषय हिंदु धर्मशास्त्राचे. आणि त्यासाठीं मुंबई इलाख्यांत मिताक्षरा व नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख हे दोन ग्रंथ मुख्य. गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण येथें मयूख वरचढ, इतर महाराष्ट्रांत मिताक्षरा. मिताक्षरेच्या दायभागाचें कोलब्रुककृत भाषांतर १८१० चें, मयूखाचें बोराडेलकृत भाषांतर १८२७ चें. कोर्टांत धर्मशास्त्राचा अर्थ सांगण्यास १८६४ पर्यंत शास्त्री नेमलेले असत. त्या सालच्या कायद्यानें त्यांच्या जागा रद्द झाल्या, आणि शास्त्र्यांनीं ठिकठिकाणच्या कोर्टांत दिलेलीं उत्तरें एकत्र करून वेस्ट व ब्यूलर यांनीं आपला संग्रह १८६७ व १८६९ मध्यें दोन भागांत छापला. हेच ब्यूलर १८६६ पासून सरकारतर्फे संस्कृत पोथ्या गोळा करूं लागले. तो संग्रह पुढें डेक्कन कॉलेजांत व १९१८ मध्यें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत आला, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. मंडलिकांनीं १८८० मध्यें मयूख व याज्ञवल्क्यस्मृति छापली. महामहोपाध्याय पां. वा. काणे हायकोर्टाचे वकील. त्यांनीं काढलेली मयूखाची आवृत्ति १९२६ ची, आणि तिची प्रस्तावना लिहितां लिहितां सुचलेल्या कल्पनेंतूनच त्यांचा धर्मशास्त्राचा पंचखंडात्मक इतिहास जन्मास आला. पुण्यास १९२४ मध्यें लॉ कॉलेज निघालें, त्याचे पहिले प्रिन्सिपॉल घारपुरे यांनीं तर धर्मशास्त्रग्रंथांची एक मालाच संपादिली. सारांश, एके काळीं कायद्याचा विद्यार्थी आणि पोथीचा संग्राहक यांच्यांत फारसें अंतर नव्हतें. १९५५–५६ च्या विवाह, वारसा व दत्तक यांविषयींच्या कायद्यांनंतर तें अंतर वाढलें. आजच्या विद्यार्थ्यास मिताक्षरा उघडल्यावांचून पदवी मिळूं शकते. याचें आम्हांस वाईट वाटतें, पण तो या लेखाचा विषय नव्हे.

पुराव्याचा कायदा मात्र अभ्यासांतून सुटलेला नाहीं. पदवीनंतरचा तीन वर्षांचा क्रम असो वा बारावीनंतरचा पांच वर्षांचा, २००८ च्या नियमांप्रमाणें हा विषय सक्तीचा आहे. मूळ कायदा १८७२ चा, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यानें रचलेला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलमांचे आंकडे बदलले, पण आम्हांस ज्याच्याशीं कर्तव्य आहे तें कलम जवळजवळ जसेंच्या तसें राहिलें. जुन्यांतलें ९० वें तें नव्यांतलें ९२ वें. जुनीं पुस्तकें व निवाडे ज्यांच्या हातीं येतील त्यांच्या सोयीसाठीं आम्ही येथें जुनेच आंकडे देतों.

या कलमाचा आशय असा. एखादा दस्तऐवज तीस वर्षांचा जुना असेल, आणि तो कोर्टास योग्य वाटेल अशा ताब्यांतून पुढें आला असेल, तर त्यावरील सही व अक्षर ज्याचें म्हणून दिसतें त्याचेंच आहे, असें कोर्टानें गृहीत धरण्यास हरकत नाहीं. तीस वर्षांनंतर लिहिणारे व साक्ष घालणारे हयात सांपडण्याचा भरवसा नसतो, म्हणून ही सवलत. नवशिक्या विद्यार्थ्याचें सगळें लक्ष ‘तीस वर्षें’ या शब्दांकडे जातें. कलमाचा प्राण मात्र ‘योग्य ताबा’ या दोन शब्दांत आहे. कागद ज्या ठिकाणीं व ज्या माणसाजवळ स्वाभाविकपणें असावयाचा, त्या ठिकाणीं त्या माणसाजवळ तो असला म्हणजे ताबा योग्य. कायद्यानें उदाहरणेंही दिलीं आहेत. जमीन ज्याच्या वहिवाटींत आहे त्यानें आपल्या घरून त्या जमिनीचीं खतें आणलीं, ताबा योग्य. जमीन गहाण घेणाऱ्यानें खतें आणलीं आणि जमीन अद्याप मूळ मालकाकडेच आहे, तरी ताबा योग्य. कारण गहाणदाराजवळ खतें असणें स्वाभाविक आहे. एकाचीं खतें त्याच्या आप्तानें जपून ठेवण्यासाठीं घेतलीं आणि तोच आप्त तीं पुढें करतो, तरीही योग्य. उलट ज्याचा त्या जमिनीशीं कसलाही संबंध नाहीं अशा माणसाच्या घरांत सनद निघाली, तर ती तेथें कशी आली हें सांगावें लागतें. तसें सांगतां आलें, निदान परिस्थितीवरून तसा संभव दिसला, म्हणजे अशा ताब्यासही दोष राहत नाहीं.

हें आपल्याकडे नवें होतें असें नाहीं. याज्ञवल्क्यानें लेख, भोग व साक्षी हीं तीन मानुष प्रमाणें सांगून, संशयित लेखाची शुद्धि कशी करावी याचा स्वतंत्र विचार केला आहे: त्याच माणसाच्या दुसऱ्या अक्षराशीं ताडून पाहावें, त्याची म्हणून कांहीं विशेष खूण असते ती पाहावी, त्या देशीं त्या काळीं त्या पुरुषाजवळ ती वस्तु असणें जुळतें कीं नाहीं तें पाहावें, उभयतांचे पूर्वीचे देण्याघेण्याचे संबंध पाहावे, वस्तु मिळण्याचा मार्ग संभवनीय आहे कीं नाहीं तें पाहावें. यांतील देशकालाची कसोटी आणि ‘योग्य ताबा’ यांचा सांधा कोणाच्याही लक्षांत येण्यासारखा आहे. मात्र स्मृतिकार मजकुरांतील वस्तूविषयीं विचारतात, इंग्रजी कायदा खुद्द कागदाविषयीं विचारतो; आणि संग्राहकाच्या दृष्टीनें हाच फरक मोलाचा.

वंशावळींविषयींचें ३२ वें कलमही आमच्या उपयोगाचें आहे. मयत माणसानें नात्यासंबंधानें केलेलें विधान, मग तें मृत्युपत्रांत असो, कुळाच्या वंशावळींत असो कीं थडग्यावर कोरलेलें असो, पुराव्यांत घेतां येतें. परंतु तें वाद उपस्थित होण्यापूर्वींचें असलें पाहिजे. ही अट कुलवृत्तान्त लिहिणाऱ्यांनीं भिंतीवर लिहून ठेवावी. आपल्या वतनदारांच्या घरांत ज्या वंशावळी निघतात, त्यांतील किती तंट्याच्या वेळीं तयार झाल्या आणि किती त्याआधींच्या, हें न पाहतां त्या छापल्या जातात. तंट्याच्या वेळची वंशावळ टाकाऊ असते असें नव्हे. ती फिर्यादीची कैफियत म्हणून वाचावी, साक्ष म्हणून नव्हे.

येथें एक सावधगिरीही सांगितली पाहिजे, कारण नवा पदवीधर कायद्याच्या कलमांनीं इतिहास मोजूं लागला म्हणजे हास्यास्पद होतो. पहिली गोष्ट अशी कीं, ९० व्या कलमानें सही व अक्षर खरें धरतां येतें, मजकूर खरा ठरत नाहीं. अस्सल कागदही खोटें बोलतो, हें पेशवाईंतील पत्रव्यवहार वाचणारास सांगावयास नको. दुसरी, हें गृहीत धरणें कोर्टाच्या मर्जीचें आहे, सक्तीचें नाहीं. तिसरी, तें अस्सलास लागू आहे, नकलेस नाहीं; १९३५ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें हें स्पष्ट केलें. आतां आपल्याकडील बहुतेक बखरी नकलांच्या रूपानेंच हातीं आल्या आहेत, आणि ऐकीव मजकूर कोर्टांत चालत नाहीं. तेव्हां कोर्टाच्या मापानें बखरवाङ्मय सारेंच बाद व्हावें. तें तसें नाहीं, हें तेलंगांसारख्या कसलेल्या कायदेपंडितानेंच दाखविलें. बखरींवरचा त्यांचा निबंध रानड्यांच्या १९०० च्या पुस्तकास जोडलेला आहे. लढाई कोणत्या तिथीस झाली हें त्यांनीं बखरींस विचारलें नाहीं. त्या काळच्या समाजाच्या व धर्माच्या चालीरीती काय होत्या, हें विचारलें. कोणत्या साक्षीदारास कोणता प्रश्न विचारावा, हेंही वकिलीचेंच शिक्षण. शिवाय न्यायाधीशास निकाल द्यावाच लागतो. इतिहासकारास पुरावा अपुरा असल्यास थांबतां येतें. ही मोकळीक त्यानें सोडूं नये.

आतां आमच्याच हातून घडलेली गोष्ट सांगतों. कायद्याच्या दुसऱ्या वर्षांत असतां सुटींत आम्ही सातारा भागांतील एका जुन्या घरीं गेलों. माळ्यावर दोन रुमाल होते. यजमान वृद्ध होते, ते म्हणाले, “एक आमचा, दुसरा आमच्या आत्यांच्या घरचा, वाटणीच्या भांडणांत ठेवायला दिलेला, कोणता कोणता तें फडक्यावरून कळतें.” आम्ही दोन्ही उमेदीनें घेऊन आलों, धूळ झटकली, फडकीं कुजलीं होतीं म्हणून टाकून दिलीं, आणि सगळे कागद मोठ्या टापटिपीनें सनवार लावले. पुढें कांहीं वर्षांनीं त्याच इनामाचें एक निवाडपत्र दुसरीकडे मिळालें. त्याचा मजकूर आमच्याजवळील सनदेशीं विरुद्ध होता. सनद कोणाच्या रुमालांतली? इनाम खाणाराच्या, कीं तें आपलें म्हणून भांडणाराच्या? पहिली असेल तर तिला एक वजन, दुसरी असेल तर निराळें. शिक्का ठीक, अक्षर त्या काळचें, कागदही त्या काळचा. पण ज्या एका गोष्टीनें निर्णय व्हावयाचा ती आम्हीं फडक्याबरोबर उकिरड्यावर टाकली होती. यजमान तोंवर वारले होते. त्याच वर्षीं परीक्षेंत आम्ही ९० वें कलम तिन्ही उदाहरणांसह लिहून आलों होतों, आणि त्यांतलें तिसरें उदाहरण तें आत्यांच्या रुमालाचेंच होतें!

तेव्हांपासून आम्ही जे नियम पाळतों ते येथें देतों. रुमाल सोडण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्यावें. फडकें, दोरी, चिठ्ठी कांहींही टाकूं नये. कागद ज्या क्रमानें निघाले त्या क्रमानें आंकडे घालावे. सनवार लावण्याची हौस यादींत भागवावी, कागदांवर नव्हे. कोणाच्या घरीं, कोणत्या जागीं, कोणी दिला, आणि त्या घरीं तो कागद कसा आला याविषयीं घरचीं माणसें काय सांगतात, तें त्याच दिवशीं त्यांच्याच शब्दांत लिहून त्यावर तारीख घालावी. शक्य तर त्यांची सहीही घ्यावी. रद्दीवाल्याकडून किंवा बाजारांतून कागद घेतला असेल तर तेंही लपवूं नये. अशा कागदासही मूळ ठिकाण सांपडण्याचा संभव असतो, आणि विकणाऱ्यानें तो कोठून उचलला याचा तपास पहिल्या आठवड्यांत लागला तर लागतो. आमच्या कांहीं मित्रांस प्रतिस्पर्धी संग्राहकांच्या भीतीनें ठिकाण गुप्त ठेवण्याची संवय आहे. ठिकाण छापूं नये, हें एक वेळ समजूं शकतें; पण तें लिहूनच न ठेवणें म्हणजे कागदाची अर्धी साक्ष आपल्या हातानें बुडविणें होय.

महजरांवर शेतकऱ्यांचा नांगर, शेट्यांचा तराजू अशा ज्या निशाण्या असतात, त्यांस सही मानावयाचें कीं नाहीं, आणि एकाच गांवच्या निरनिराळ्या महजरांतील निशाण्या ताडून पाहिल्यास काय निष्पन्न होतें, याविषयीं आमच्याजवळ कांहीं टांचणें आहेत. तीं पुढील अंकीं देण्याचा विचार आहे.