फसवणूक चालेल, जुगार नाही

आइसलँडच्या सीसीपी कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळ-खेळात दुसऱ्या खेळाडूला गंडवणं, त्याचा माल लुटणं, त्याच्या संघाची तिजोरी साफ करणं, सगळं नियमात बसतं. जुगार मात्र 2016च्या नोव्हेंबरपासून बंद आहे.

त्याआधी खेळाडूंनीच चालवलेले जुगारअड्डे जोरात होते. खेळातलं चलन, म्हणजे ‘इस्क’, अड्डेवाल्याच्या खात्यात भरायचं, बाहेरच्या वेबसाइटवर डाव लावायचा, जिंकलात तर इस्क परत. डाव कंपनीच्या सर्व्हरवर होतच नसे. त्यामुळे सोडत खरी की बनावट, हे तिला तपासता येत नव्हतं. अड्डेवाल्यांकडे इतका पैसा साठला की 2016मध्ये त्यांनी भाडोत्री फौजा उभ्या करून खेळातल्या सर्वांत बलाढ्य आघाडीला तिच्या प्रदेशातून हुसकावलं.

खरी अडचण युद्धाची नव्हती. इस्क चोरीछुपे खऱ्या डॉलरांना विकता येतं, आणि मग खेळण्यातला जुगार कायद्याच्या नजरेत खराच होऊ लागतो. ‘सेकंड लाइफ’ या दुसऱ्या ऑनलाइन जगात तर चलन अधिकृतपणेच डॉलरांत बदलता येई, तिथे 2007 सालीच जुगारावर बंदी आली.

म्हणून सीसीपीने खेळाडूंसोबतच्या करारात कलम घातलं: खेळातलं चलन वा वस्तू बाहेरच्या नशिबाच्या खेळांत वापरायच्या नाहीत. गंमत म्हणजे 2019मध्ये कंपनीने स्वतःच तिकीट-सोडतीची सोय आणली. खेळाडू आपलं जहाज सोडतीवर विकू शकतो, फक्त सोडत कंपनीच्या यंत्रणेतून निघते आणि शुल्कही तिलाच मिळतं.